लष्करी अधिकाऱ्यांची उत्तरनिवासे

कामगार चळवळीतल्या माणसाने कर्नल-कॅप्टनांच्या म्हातारपणाची चौकशी कशाला करावी, असे या सभागृहात कोणाच्या तरी मनात आल्यावाचून राहणार नाही. आम्ही ती केली, कारण हा प्रश्न वरवर घराचा दिसला तरी मुळात पगाराचा आहे. आणि पगाराचा प्रश्न निघाला की हुद्दा कोणताही असो, आमचे कान टवकारतात.

अमेरिकेचे उदाहरण घेऊ. तेथे १९५० च्या सुमारास निवृत्त लष्करी अधिकाऱ्यास पेन्शन बरे मिळे. पण ते त्याच्या श्वासाबरोबर संपे. नोकरीपायीच मृत्यू आला असेल तर भरपाईची सोय निराळी होती. एरवी, नवरा गेला की पुढच्या महिन्यापासून त्या पेन्शनातला पैसाही विधवेच्या हाती पडत नसे. आता तिची स्थिती पाहा. नवऱ्याची दर दोन-तीन वर्षांनी बदली. संसार छावणीतल्या सरकारी घरांतून, म्हणून स्वतःचे घर नाही. एका गावी टिकणे नाही, म्हणून स्वतःची नोकरी नाही. आणि नोकरी नाही म्हणून स्वतःचे पेन्शनही नाही. कंपनीच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराची बायको ही साखळी न सांगता ओळखील. बंगल्यातली बाई काय आणि दहा बाय दहाच्या खोलीतली बाई काय, दोघींच्या घराची किल्ली नवऱ्याच्या नोकरीलाच बांधलेली.

१९५३ साली सरकारने एक तोडगा काढला. अधिकाऱ्याने हयातीत आपल्या पेन्शनाचा काही भाग सोडावा, म्हणजे मागे पत्नीस काही मिळत राहील. सारा भार त्याच्याच माथी! फारच थोड्यांनी तो उचलला.

तेव्हा निराळी वाट शोधणे भाग पडले. १९५९ साली वॉशिंग्टन येथे ‘आर्मी डिस्टाफ फाउंडेशन’ हा न्यास स्थापन झाला आणि १९६२ साली त्याचे निवासगृह उघडले. (डिस्टाफ म्हणजे सूत कातताना लोकर गुंडाळून ठेवावयाची काठी; इंग्रजीत त्या शब्दाने स्त्रीपक्ष सुचवितात.) हेच आजचे नॉलवूड. नौदलाच्या मंडळींनी १९६९ साली व्हर्जिनियात ‘व्हिन्सन हॉल’ उभे केले. हवाई दलात तर अधिकाऱ्यांच्या पत्नींच्या क्लबांनीच पुढाकार घेतला, आणि १९७० साली टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे ‘एअर फोर्स व्हिलेज’ सुरू झाले. चहापानाचे म्हणून हिणविले जाणारे क्लब ते. पण संघटना म्हणजे आणखी वेगळे काय असते?

या निवासांचा व्यवहार समजून घेण्याजोगा आहे. येणाऱ्याने प्रारंभी एक मोठी प्रवेशरक्कम भरावयाची आणि पुढे महिन्याचे शुल्क द्यावयाचे. हिंडते-फिरते आहोत तोवर स्वतंत्र बिऱ्हाड. पुढे आंघोळ, औषधपाण्यास मदत लागली तर तशी सोय. आणि अंथरूण धरले तर शुश्रूषेची खाट. सर्व एकाच आवारात, म्हणजे अखेरीस पुन्हा बिऱ्हाड हलवावयास नको. आज धडधाकट असलेल्याचा पैसा आज आजारी असलेल्याच्या उपयोगी पडतो. पण प्रवेशरक्कम सगळी परत मिळतेच असे नाही. ते करारावर अवलंबून. ज्या विधवेपाशी पैसा पुरत नाही तिला सांभाळता यावे, यासाठी एअर फोर्स व्हिलेजच्या न्यासाने देणग्यांचा आधार घेतला. आमच्या मते त्या संस्थेची खरी परीक्षा तेथेच होती.

आणि साध्या शिपायाचे काय? त्याच्यासाठी वॉशिंग्टनचे ‘सोल्जर्स होम’ १८५१ पासून आहे. मेक्सिकोच्या युद्धात जनरल स्कॉट यांनी जिंकलेल्या मेक्सिको शहराकडून वसूल केलेल्या खंडणीतून त्याचे भांडवल उभे राहिले, आणि पुढे शिपायांच्या पगारातून दरमहा काही सेंट कापून ते चालले. शिस्तभंगाबद्दल शिपायांना होणारा दंडही त्याच निधीत जमा होतो! चुकणाऱ्या जवानाने म्हाताऱ्या जवानास पोसावे, ही व्यवस्था आम्हांस गमतीची वाटते. परंतु ते घर सैनिकासाठी होते, त्याच्या मागे राहिलेल्या बायकोसाठी नव्हे. हवाई दलातील साध्या हुद्द्याच्या लोकांच्या विधवांसाठी १९६७ साली फ्लोरिडात वेगळी संस्था निघाली. म्हणजे नवऱ्यांच्या हुद्द्याची भिंत विधवांच्या अंगणातही उभी राहिलीच.

मूळ दुखण्यावर औषध १९७२ साली आले. नव्या कायद्याने, हप्ता भरणाऱ्या निवृत्त सैनिकाच्या पत्नीस त्याच्या पेन्शनाच्या ५५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू लागली. आणि हप्त्याचा काही बोजा सरकारने उचलला. तरी एक काटा राहिला. पती नोकरीपायी दगावला असेल तर विधवेस मिळणारी भरपाई या रकमेतून डॉलरला डॉलर वजा होई. पतीने हप्ते भरून घेतलेला हक्क एका हाताने द्यावयाचा आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यावयाचा! लोक त्यास ‘विधवेवरचा कर’ म्हणत. विधवांच्या संघटना वर्षानुवर्षे काँग्रेसचे दार ठोठावीत राहिल्या. डिसेंबर २०१९ मध्ये कायदा झाला, २०२१ पासून वजावट टप्प्याटप्प्याने उतरली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती पूर्ण थांबली.

विधवेच्या हाती पैसा आला म्हणून निवासांची गरज सरली नाही. खाटेशी बसणारे माणूस पेन्शनाने मिळत नाही. मात्र त्यांचे रूप पालटले. नॉलवूडमध्ये पुढे पुरुषही आले, जोडपी आली, इतर दलांचे लोक आले. सॅन अँटोनियोच्या गावाने आपले नावही बदलून ‘ब्लू स्काइज ऑफ टेक्सास’ असे घेतले आणि लष्कराबाहेरच्यांनाही दार उघडले. नवे बिऱ्हाडकरू आल्यावाचून जुन्यांच्या शुश्रूषेचा खर्च निघत नाही, हे तेथील हिशेबनिसांना ठाऊक आहे.