पन्नास हजार किलोमीटर, आणि डोळ्याला पत्ता नाही

१४ नोव्हेंबर २०१६ म्हटलं की बहुतेकांना आठवतात एटीएमसमोरच्या रांगा. पाचशे-हजाराच्या नोटा बंद होऊन जेमतेम सहा दिवस झाले होते. त्या सोमवारी त्रिपुरी पौर्णिमा होती, आणि नोटांच्या बातम्यांच्या गर्दीतही वर्तमानपत्रांनी एका बातमीला जागा काढून दिली होती: '६८ वर्षांतला सर्वांत मोठा चंद्र'. योग आपल्यासाठी फारच छान जुळला होता. भारतीय वेळेनुसार दुपारी ४ वाजून ५३ मिनिटांनी चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला, संध्याकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी पौर्णिमा पूर्ण झाली, आणि या दोन्हींच्या मध्ये, सहाच्या सुमारास, तो महाराष्ट्रात उगवला.

त्या दिवशी चंद्र ३,५६,५०९ किलोमीटरवर होता. ज्या जुन्या चंद्राशी त्याची तुलना चालली होती, तो २६ जानेवारी १९४८ रोजी ३,५६,४६१ किलोमीटरवर आला होता. फरक ४८ किलोमीटरचा. मुंबईच्या सीएसएमटी स्थानकातून कल्याणला जाणारी लोकल याहून जास्त अंतर कापते. विसाव्या शतकातला विक्रम ४ जानेवारी १९१२ च्या पौर्णिमेचा आहे: ३,५६,३७५ किलोमीटर. तो मोडायला १ जानेवारी २२५७ उजाडावं लागेल. तेव्हा चंद्र ३,५६,३७१ किलोमीटरवर असेल. तब्बल ३४५ वर्षं थांबायचं, आणि पदरात पडणार ते ४ किलोमीटर.

सुपरमूनच्या आकड्यांची गंमत ही अशी आहे. काही आकडे ऐकायला अवाढव्य आणि प्रत्यक्षात क्षुल्लक, तर काही खरोखरच अवाढव्य, पण त्यांची बातमी होत नाही. कुठला आकडा कशाचा, हे एकदा नीट लावून घेतलं की आकाशाकडे बघण्याची मजा वाढते.

त्यासाठी खिशातलं रुपयाचं नाणं काढा. चलनातल्या बऱ्याच नाण्यांचा व्यास सुमारे २२ मिलिमीटर आहे. हा आपला चंद्र. खऱ्या चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर आणि पृथ्वीचा १२,७४२, म्हणजे या मापात पृथ्वी झाली साधारण ८ सेंटिमीटरचा गोळा. आता नाणं या गोळ्यापासून किती लांब ठेवायचं? शाळेच्या पुस्तकातली चित्रं आठवून बरेचजण वीतभर म्हणतील. खरं उत्तर आहे २ मीटर ४३ सेंटिमीटर. पृथ्वी आणि चंद्र यांच्यामधलं सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. मधल्या जागेत एकामागे एक २९ पृथ्व्या सहज मावतील. याच मापात सूर्य म्हणजे पावणेनऊ मीटर रुंदीचा गोळा, आणि तो ठेवायला जवळजवळ एक किलोमीटर चालत जावं लागेल.

चंद्राची कक्षा गोल नाही, किंचित लंबगोल आहे. त्यामुळे जवळच्या टोकाला तो ३ लाख ५६ हजार किलोमीटरपर्यंत येतो आणि दूरच्या टोकाला ४ लाख ६ हजारांच्या पुढे जातो. नाण्याच्या हिशोबात २ मीटर २६ सेंटिमीटर आणि २ मीटर ५७ सेंटिमीटर. बस, एवढाच तो फरक, फूटभराचा. २०१६ आणि १९४८ या दोन चंद्रांमधला फरक या मापात मिलिमीटरचा एक तृतीयांशही भरत नाही. त्यात सर्वांत जवळची आणि सर्वांत दूरची पौर्णिमा यांच्यात सहा-सात महिने जातात. नाणं आज सव्वादोन मीटरवर दाखवलं आणि सात महिन्यांनी अडीच मीटरवर, तर कुणाच्या लक्षात येणार?

पण हाच फूट खऱ्या मापात ५०,००० किलोमीटरचा आहे, आणि चंद्र तो पावणेचौदा दिवसांत पार करतो. म्हणजे पृथ्वीभोवती सेकंदाला एक किलोमीटर या वेगाने पळता पळता, सरासरी ताशी १५० किलोमीटरने तो आपल्यापासून लांब जातो किंवा आपल्याकडे येतो. हे कमी-अधिक प्रमाणात प्रत्येक महिन्यात घडतं. जवळच्या टोकाशी पौर्णिमा गाठ पडली की सुपरमून. हे नाव १९७९ मध्ये रिचर्ड नॉल या अमेरिकी ज्योतिष्याने दिलं. त्याची व्याख्या इतकी सैल आहे की वर्षाला तीन-चार सुपरमून सहज निघतात. त्यातली सर्वांत जवळची पौर्णिमा साधारण ४१३ दिवसांनी, म्हणजे १४ पौर्णिमांनंतर, पुन्हा येते. मोठ्या विक्रमांची लय आणखी लांब आहे: २२३ चांद्रमास झाले की चंद्राच्या जवळ-दूर जाण्याच्या २३९ फेऱ्याही जवळजवळ पुऱ्या होतात. तो काळ १८ वर्षं ११ दिवसांचा. म्हणून ४ जानेवारी १९१२, १५ जानेवारी १९३० आणि २६ जानेवारी १९४८ या तिन्ही तारखा एकाच माळेतल्या आहेत.

चंद्र जवळ आहे की लांब, हे आपल्या पंचांगकर्त्यांना त्याच्याकडे न बघताही कळत आलं आहे. सूर्याच्या तुलनेत चंद्र १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. जवळ असताना चंद्र वेगाने पळतो, तेव्हा तिथी २० तासांत आटोपते. दूर असताना तो रेंगाळतो आणि तिथी पावणेसत्तावीस तासांपर्यंत लांबते. एखाद्या तिथीची वृद्धी झालेली दिसली, की चंद्र त्या दिवसांत लांबच्या बाजूला आहे असं खुशाल समजावं.

चंद्राच्या कक्षेतलं दूरचं टोक, ज्याला आपल्याकडे चंद्रोच्च म्हणतात, तेही स्थिर नसतं. सूर्यसिद्धान्त सांगतो की ४३,२०,००० वर्षांच्या महायुगात चंद्रोच्चाच्या ४,८८,२०३ फेऱ्या होतात. भागाकार केला तर एका फेरीला ३,२३२ दिवस येतात. आजच्या मोजणीनुसार हा काळ ३,२३२.६ दिवसांचा आहे. दुर्बीण नसताना, जवळजवळ नऊ वर्षांच्या चक्रात चूक अवघी अर्ध्या दिवसाची! इ. स. ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी लिहिणाऱ्या भास्कराचार्यांनी तर चंद्रासाठी दिवसाची सरासरी गती पुरत नाही, त्या त्या क्षणाची 'तात्कालिक गती' काढावी लागते, असं सांगून ठेवलं. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेवाने मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्यात आहे.

आता मुख्य हिशोब. ५०,००० किलोमीटरचा फरक एकच, पण त्याचा परिणाम कशावर मोजतो त्याप्रमाणे आकडा बदलतो.

दिसण्यातला आकार अंतराच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. सर्वांत जवळचा पूर्णचंद्र सर्वांत दूरच्या पूर्णचंद्रापेक्षा १४ टक्के रुंद दिसतो. नेहमीच्या, सरासरी अंतरावरच्या चंद्राशी तुलना केली तर फक्त ७-८ टक्के. '१४ टक्के मोठा' असं छापून येतं, तेव्हा तो कोणत्या चंद्राहून मोठा, हे सहसा छापलेलं नसतं.

उजेड अंतराच्या वर्गाच्या हिशोबाने बदलतो, त्यामुळे तिथे आकडा ३० टक्क्यांवर जातो. ऐकायला दणदणीत, पण आपले डोळे उजेडाशी चटकन जुळवून घेतात, आणि शेजारी तुलनेला दुसरा चंद्र नसतो. चांदण्याची लायकीही लक्षात घ्या. सूर्य पूर्णचंद्राच्या ४ लाख पट तेजस्वी आहे. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत सगळं आकाश पूर्णचंद्रांनी ठासून भरायचं ठरवलं, तर त्यात साधारण एक लाख चंद्र मावतील. आणि एवढी आरास करूनही उजेड मिळेल तो सूर्याच्या पाव पट!

तिसरा हिशोब समुद्राचा. भरती-ओहोटी घडवणारा चंद्राचा जोर अंतराच्या घनाने बदलतो. म्हणजे दूरच्या चंद्रापेक्षा जवळच्या चंद्राचा जोर ४८ टक्क्यांनी, जवळजवळ दीडपट. सूर्याचाही हात त्यात असतो, चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी, आणि पौर्णिमा-अमावास्येला दोघांचा जोर एकाच रेषेत येतो. कोकणात ज्याला उधाण म्हणतात ते यामुळेच. चंद्र जवळ असला की उधाण अधिक चढतं. मुंबई महापालिका पावसाळ्यापूर्वी साडेचार मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते, कारण अशा भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस झाला तर शहरातलं पाणी समुद्रात जायला वाट राहत नाही. तेव्हा सुपरमूनचा परिणाम खरोखर बघायचा असेल तर मान वर करण्यापेक्षा बंदरावर जाऊन धक्क्याच्या कोणत्या पायरीपर्यंत पाणी चढलं ते बघावं. भूकंपाची भीती मात्र घालू नये. १९ मार्च २०११ च्या सुपरमूनवर जपानच्या भूकंपाचं खापर फोडलं गेलं. तो भूकंप ११ मार्चला झाला, आणि त्याआधी पाचच दिवस चंद्र कक्षेच्या दूरच्या टोकाला होता.

मग डोंगरामागून किंवा इमारतींच्या फटीतून वर येणारा तो परातीएवढा चंद्र? तो तर आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. तो कोणत्याही पौर्णिमेला दिसतो, सुपरमून असो वा नसो. आकाराच्या हिशोबात सगळ्यांत मोठा आकडा या देखाव्याचा आहे: क्षितिजाजवळचा चंद्र माथ्यावरच्या चंद्रापेक्षा साधारण सव्वा ते दीड पट मोठा वाटतो. लॉइड कॉफमन आणि अर्विन रॉक या मानसशास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये आरशांच्या साहाय्याने आकाशात कृत्रिम चंद्र दाखवून हे मोजलं. समोरची जमीन, झाडं, घरं झाकली की चंद्र लगेच लहान वाटू लागतो, हेही त्यांना आढळलं. क्षितिजाकडे पसरलेला मुलूख बघून मेंदू तिथला चंद्र फार लांबचा धरतो, आणि एवढ्या लांबून एवढा दिसतो म्हणजे प्रचंडच असणार, असा निकाल देतो. अकराव्या शतकातल्या इब्न अल्-हैथमचा विचार याच दिशेचा होता. शास्त्रज्ञांचं या उत्तरावर अजून पूर्ण एकमत नाही, पण हा खेळ डोक्यातला आहे याविषयी वाद नाही. वातावरणाला दोष द्यावा तर वातावरण उलट क्षितिजावरच्या चंद्राला वरून-खालून दाबून थोडं चपटं करतं.

खरी कमाल पुढेच आहे. उगवता चंद्र मोठा वाटतो त्या वेळी तो आपल्यापासून अधिक लांब असतो. पृथ्वी फिरत असते, आणि चंद्र माथ्यावर येईपर्यंत ती आपल्याला त्याच्या दिशेने जवळजवळ तिच्या त्रिज्येइतकं, म्हणजे ६,००० किलोमीटरहून जास्त, पुढे नेऊन ठेवते. डिसेंबर-जानेवारीतला पूर्णचंद्र महाराष्ट्रात मध्यरात्री जवळपास डोक्यावर येतो, तेव्हा तो संध्याकाळपेक्षा दीड-पावणेदोन टक्के मोठा असतो. ४८ किलोमीटरच्या विक्रमाच्या बातम्या वाचत आपण सहा तासांत त्याच्या सव्वाशे पट अंतर अंथरुणात पडल्या पडल्या कापतो.

मोठ्या इमारतीएवढा चंद्र दाखवणारी छायाचित्रं खोटी नसतात, पण ती लांबून काढलेली असतात. २६ मीटर उंच गेटवे ऑफ इंडिया तीन किलोमीटरच्या आसपासवरून बघितला की बरोबर चंद्राच्या उंचीचा दिसतो. तेवढं लांब जायचं आणि मोठी लेन्स लावायची, झालं काम.

आणि चंद्र दूर जातोय, त्याचं काय? अपोलो यानांनी ठेवलेल्या आरशांवर १९६९ पासून लेसर मारून हे मोजलं जातं. किरणाला जाऊन यायला अडीच सेकंद लागतात, आणि उत्तर येतं: वर्षाला ३.८ सेंटिमीटर. चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवरही असा एक छोटा परावर्तक आहे. चंद्र एखाद्या पंधरवड्यात जे ५०,००० किलोमीटर अंतर सहज कापतो, तेवढं या सावकाश गतीने लांब जायला त्याला १३० कोटी वर्षं लागतील.

आता थोडा गृहपाठ. २०२६ मध्ये सर्वांत दूरचा पूर्णचंद्र ३१ मे रोजी, अधिक ज्येष्ठ पौर्णिमेचा, आणि सर्वांत जवळचा २४ डिसेंबरला, दत्तजयंतीच्या सुमारास, सुमारे ३ लाख ५६ हजार ७०० किलोमीटरवर. अशा दोन टोकांच्या पौर्णिमांना एकाच कॅमेऱ्याने, एकाच झूमवर, चंद्र चांगला वर आल्यावर फोटो काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. डोळ्याने न दिसलेले १४ टक्के तिथे स्पष्ट दिसतील. उगवता चंद्र मोठा वाटला तर कागदाची सुरळी करून तिच्यातून बघा, तो लगेच नेहमीएवढा होईल. आणि पुढच्या वेळी '३० टक्के मोठा चंद्र' असा संदेश मोबाइलवर आला, की पुढे ढकलण्याआधी पाठवणाऱ्याला दोन प्रश्न नक्की विचारा: आकार की उजेड? आणि कोणत्या चंद्रापेक्षा?