दोन ओळींचा पॅच

लिनक्सवरचं सॉफ्टवेअर लिहिणारे वेगळे आणि ते आपल्या संगणकापर्यंत पोचवणारे वेगळे. डेबियन, उबुंटू, फेडोरा या डिस्ट्रो मूळ प्रकल्पाचा कोड घेतात, त्यात स्वतःचे फेरफार, म्हणजे पॅच, घालतात आणि पॅकेज बांधतात. मूळ लेखकांच्या अधिकृत आवृत्तीची वाट न बघता असा पॅच लावावा का, हा वाद जुनाच. त्यात डेबियनचं एक प्रकरण हमखास निघतं.

२००६ साली ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीवर व्हॅलग्राइंड हे तपासणीचं साधन सारखं कुरकुरत होतं: काहीच न भरलेली मेमरी वाचली जातेय म्हणून. डेबियनमध्ये हे पॅकेज सांभाळणाऱ्या मेंटेनरनं दोन ओळी बंद केल्या. कुरकुर थांबली. पण किल्ली बनवताना लागणारी सगळी यादृच्छिकता त्यांतल्याच एका ओळीतून आत जात होती. उरला फक्त प्रोसेस क्रमांक, म्हणजे जेमतेम ३२,७६८ शक्यता. पुढची जवळजवळ दोन वर्षं डेबियन-उबुंटूवर बनलेल्या, दूरच्या संगणकात लॉगिन करण्याच्या एसएसएच किल्ल्या कुणालाही एकेक करून ताडून बघता येण्यासारख्या होत्या. मे २००८ मध्ये लुसियानो बेलो यांच्या शोधामुळे हे उघड झालं. नुसतं अपडेट करून भागेना. किल्ल्याच बदलाव्या लागल्या.

मेंटेनरला झोडपणं सोपं आहे. पण त्यानं ओपनएसएसएलच्या मंडळींना आधी विचारलं होतं, आणि डीबगिंगला मदत होणार असेल तर काढा, अशा अर्थाचं उत्तरही मिळालं होतं. विचारलं, पण पॅच मूळ प्रकल्पात तपासून घेतला गेला नाही. माझ्या मते खरी चूक तिथे आहे, पॅच लावण्यात नव्हे.

कारण पॅचशिवाय डिस्ट्रो चालत नाहीत. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड हा सुरक्षादोष सापडला, त्या वेळी डेबियननं स्थिर शाखेतली १.०.१ई हीच आवृत्ती ठेवून फक्त दुरुस्ती आत घातली. ती दुरुस्ती मूळ लेखकांचीच होती, हा फरक मोठा.

एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनाच्या २०२४ च्या प्रकरणात पॅचमध्ये दोषही नव्हता. सिस्टमडी या सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रणालीला सूचना देता यावी म्हणून काही डिस्ट्रोंनी एसएसएच सर्व्हरला एक लायब्ररी जोडली होती; तिच्यामागून एक्सझेडची लायब्ररी आली आणि तिच्यात कुणीतरी चोरदरवाजा लपवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे खोदत प्रोग्रामर आंद्रेस फ्रॉइंड तिथपर्यंत पोचले. त्यानंतर ओपनएसएसएचच्या ९.८ आवृत्तीत सूचना देण्याची ती सोय मूळ लेखकांनीच केली, कुठलीही लायब्ररी न जोडता.