आगीवर चालणारा फ्रिज

अमेरिकेत कॅम्पर भाड्याने घेऊन यलोस्टोनकडे निघालेल्या आपल्या मंडळींना फ्रिजच्या बटणांमध्ये एकावर ‘गॅस’ लिहिलेलं दिसलं की वाटतं, काहीतरी चुकीचं छापलंय. पण बाहेरून मागची जाळी काढून बघा. खाली बोटाच्या पेराएवढी निळी ज्योत जळत असते आणि वर फ्रीझरमध्ये बर्फ जमत असतो. कॉम्प्रेसर नाही, घरघर नाही. हॉटेलातला मुका मिनीबारही बऱ्याचदा याच जातीचा.

स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये ही युक्ती काढली. बंद नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन भरलेले असतात. ज्योतीने द्रावण तापलं की अमोनियाचे बुडबुडे अरुंद नळीतून पाण्याला वर ढकलतात; पंपाचं काम तेवढ्यात होतं. अमोनिया वर जाऊन थंड होतो, द्रव बनतो आणि हायड्रोजन भरलेल्या नळीत उतरतो. नळ्यांमधला एकूण दाब सगळीकडे जवळपास सारखाच, पण इथे त्यातला मोठा वाटा हायड्रोजन उचलतो. अमोनियाच्या वाट्याला दाब कमी येतो, म्हणून तो पटकन उडतो आणि उडताना आतली उष्णता खेचून घेतो. पुढे पाणी त्याला परत शोषून घेतं, आणि फेरा पुन्हा सुरू. कुठलाही भाग हलत नाही. बुडबुड्यांनी वर चढवलेला द्रव पुढे वाहतो तो फक्त उतारावरून.

म्हणूनच याचा खरा शत्रू तिरकेपणा. गाडी चालू असताना हेलकाव्यांमुळे द्रव फिरत राहतो, तेव्हा फारसं बिघडत नाही. पण उतारावर गाडी लावून फ्रिज रात्रभर चालू ठेवला, की द्रव भलत्याच ठिकाणी साचतो आणि तापणारी नळी कोरडी पडते. गंज धरू नये म्हणून द्रावणात सोडियम क्रोमेट घातलेलं असतं, त्याचे खडे होऊन ती अरुंद नळी तुंबते. हे नुकसान परत भरून येत नाही. फ्रिज काढून उलटा ठेवला की चालतो, असं जुने लोक सांगतात. कधी चालतोही, पण खडा बसला असेल तर उपयोग नाही. आणि ‘गॅस भरून द्या’ हा आपल्याकडचा हुकमी उपाय तर इथे लागूच नाही. नळ्या कारखान्यातच कायमच्या बंद केलेल्या असतात.

फ्रिज गार होईना, तर आधी गाडी समतल करा आणि बारा तास वाट बघा. हा सावकाश चालणारा प्राणी आहे. आत ग्लासभर पाण्यात थर्मामीटर ठेवा, म्हणजे दार उघडल्याने आकडा उड्या मारणार नाही. मग विजेवर चालवून पाहा. विजेवर गार होतो आणि गॅसवर नाही, तर दोष ज्योतीकडे: बर्नरच्या नळीत कोळ्याचं जाळं, धुराड्यातून पडलेला गंज किंवा काजळी. ज्योत पिवळी फडफडत असेल तर हेच. गॅस सोडणारा बर्नरचा जेट सुईने टोचू नये, भोक मोठं होतं. दोन्हींवर गार होत नाही, खालची नळी मात्र चांगली तापते, शिवाय मागे हवा खेळते आहे, तर यंत्रणाच गेली. अमोनियाचा वास किंवा पिवळी भुकटी दिसली, तर फ्रिज लगेच बंद करा, दारं-खिडक्या उघडा; ती भुकटी क्रोमेटची, विषारी असते, हात लावू नका.

बदलायचाच झाला, तर माझं मत बारा व्होल्टच्या कॉम्प्रेसर फ्रिजच्या बाजूने आहे. हा अमोनिया शोषणाचा फ्रिज बॅटरीवर चालवला तर साधारण दीडशे वॅट सतत ओढतो. शंभर अँपिअर-तासाची शिसे-आम्ल बॅटरी चारेक तासांत अर्धी होते. कॉम्प्रेसर पन्नासेक वॅटचा, तोही थांबत-थांबत चालणारा. छतावर सौर पॅनेल असेल तर प्रश्नच मिटतो. मात्र विजेशिवाय आठवडाभर दाट झाडीत मुक्काम ठोकणाऱ्याने ज्योतच ठेवावी.

जुना फ्रिज काढताना गॅसची नळी जाणकाराकडून नीट बंद करून घ्यावी. आणि भंगारवाल्याला तो कापू देऊ नये: नळ्यांमध्ये अमोनिया नि हायड्रोजन अजून दाबाखाली असतात.