एकोणीसशे अश्वशक्ती आणि जव्हारचा घाट

शून्यापासून ताशी १०० किलोमीटर वेग गाठायला फक्त १.८६ सेकंद. पिनिनफरिना बॅटिस्टा या विजेच्या गाडीचा हा आकडा. तेवढ्या वेळात आतल्या माणसाच्या पाठीवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दीडपट रेटा येतो. इंदूरजवळ पीथमपूरच्या नॅट्रॅक्स चाचणीमार्गावर तिनं ताशी ३५७ किलोमीटरपर्यंत मजल मारली.

गाडी हातानं जुळवली जाते इटलीत, तुरिनजवळच्या काम्बियानो गावात. मालकी मात्र मुंबईची. १९३० मध्ये स्थापन झालेल्या पिनिनफरिना या डिझाइन संस्थेच्या खरेदीचा करार महिंद्रानं डिसेंबर २०१५ मध्ये केला. २०१८ मध्ये ऑटोमोबिली पिनिनफरिना ही नवी कंपनी काढली आणि २०१९ च्या जिनिव्हा प्रदर्शनात बॅटिस्टा मांडली. गाड्या फक्त १५० आणि प्रत्येकीची किंमत सुमारे २० लाख युरो. आपल्या रस्त्यांवर ती दिसण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. तरीही तिच्या आतलं तंत्र समजून घेण्याजोगं आहे.

उष्णतेशी झुंज

बॅटिस्टाची ताकद १,९०० अश्वशक्ती, म्हणजे सुमारे १,४०० किलोवॅट. बॅटरी १२० युनिटांची. पूर्ण ताकद सलग वापरली तर ती पाचेक मिनिटांत रिकामी होईल. मोठी मोटर बसवणं त्यामानानं सोपं. एवढा प्रवाह वाहताना निर्माण होणारी उष्णता बाहेर काढणं हे खरं आव्हान. समजा, पाच टक्केच ऊर्जा वाया गेली, तरी ७० किलोवॅट उष्णता होते, म्हणजे घरातले दोन किलोवॅटचे ३५ गिझर एकाच वेळी चालू ठेवल्यासारखं! म्हणून बॅटरी, मोटरी आणि प्रवाहाचं नियंत्रण करणारे इन्व्हर्टर, सगळ्यांना द्रवानं थंड ठेवावं लागतं. सेल तापले की गाडीचा संगणक ताकद आपणहून कमी करतो.

बॅटरीची मांडणीही विचारपूर्वक केलेली आहे. ती इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकारात, दोन आसनांच्या मधून आणि मागून बसवली आहे. त्यामुळे आसनं खाली घेता आली, वजन जमिनीलगत राहिलं आणि वळणावर गाडी कमी झुकते. भोवती कार्बन फायबरचा हलका, ताठ सांगाडा आहे.

चार चाकं, चार मोटरी

प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त आणि आतल्या चाकाला कमी जोर दिला की गाडी स्टिअरिंगच्या इशाऱ्यावर नेमकी वळते. चाक घसरू लागलं तर मोटर काही सहस्रांश सेकंदांत जोर आवरते. इंजिनाला इतक्या झटपट हे जमत नाही. बॅटरी आणि मोटरींचं हे तंत्र क्रोएशियाच्या रिमाक कंपनीकडून आलं. भांडवल आपलं, रूप इटलीचं आणि विजेची विद्या क्रोएशियाची, अशी ही वाटणी आहे. कंपनी विकत घेता येते. कसब मात्र आपल्याच प्रयोगशाळांत आणि कारखान्यांत घडवावं लागतं.

त्या दिशेनं पावलं पडत आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्रानं बीई ६ ही गाडी आणली. ती पुण्याजवळ चाकणला बनते. तिच्यात बॅटिस्टाचे भाग नाहीत, पण बॅटरी थंड ठेवण्याचा आणि वजन खाली आणण्याचा प्रश्न तोच आहे. तिचे सेल लिथियम आयर्न फॉस्फेटचे. त्यांत किलोमागे ऊर्जा कमी मावते, पण उष्णतेला ते जास्त टिकाव धरतात. आपल्या उन्हाळ्यात हा गुण मोलाचा आहे.

घाटाचं गणित

विजेच्या गाडीचा आणखी एक गुण घाटात दिसतो. जव्हार हे डोंगरावरचं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर आहे. इथून कोकणपट्टीकडे उतरणाऱ्या दोन टनांच्या गाडीजवळ केवळ उंचीमुळे जवळजवळ अडीच युनिट ऊर्जा असते. काही टायर आणि हवेच्या विरोधात खर्च होते. पण तीव्र उतारावर जी ऊर्जा एरवी ब्रेक तापवण्यात जाते, तिचा मोठा भाग विजेच्या गाडीची मोटर जनित्र होऊन बॅटरीत परत साठवते. मात्र वर जव्हारलाच बॅटरी काठोकाठ भरलेली असेल, तर परत आलेली वीज ठेवायला जागा उरत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. घाट उतरण्याआधी बॅटरीत थोडी जागा मोकळी ठेवलेली बरी.

याच गणितात गाडीच्या जागी १५ टनांची बस ठेवा, तर अडीचाचे १८ युनिट होतात. वाहन जितकं जड, तितका हा लाभ मोठा. जव्हार-मोखाड्याच्या धुवाधार पावसात, निसरड्या वळणावर चाकाचा जोर क्षणात आवरणारी मोटर अधिकच उपयोगी. एसटीची ‘शिवाई’ ही विजेवरची बस १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर सुरू झाली. दीडशे श्रीमंतांच्या गाडीत कसाला लागलेलं हे तंत्र शाळेला, बाजाराला आणि दवाखान्याला घाट उतरणाऱ्या माणसांच्या बसमध्ये यायला हवं. १८ युनिटांचा हिशेब तिथंच सर्वाधिक फळतो, आणि महाराष्ट्राच्या अभियंत्यांनी उराशी धरावं असं उद्दिष्टही तेच आहे.