दीर्घ साहसमालिकांतील कालरेषा आणि पात्रांचे वय

एखादी साहसमालिका वीस-पंचवीस वर्षे चालते. तिचे वाचक शाळेतून कॉलेजात आणि पुढे नोकरीत जातात, नायक मात्र त्याच इयत्तेत राहतो. ही लेखकाची चूक मानायची का? नेहमीच नाही. चूक नेमकी केव्हा होते, हे तपासण्याची एक रीत या टिपणात पाहू.

१. दोन काळ

पुस्तके ज्या वर्षी निघतात तो प्रकाशनकाळ आणि पात्रे ज्या वर्षात वावरतात तो कथाकाळ. दोन्ही एकाच वेगाने चालले पाहिजेत असा नियम नाही. नियम एवढाच आहे:

वय = कथेतील चालू वर्ष − जन्मवर्ष

यातील दोन गोष्टी ठरल्या की तिसरी आपोआप ठरते. लेखकाने वय सांगितले पण वर्ष मोकळे ठेवले, तर विसंगती निघतच नाही.

२. उदाहरण

समजा, तुम्ही बेंगळुरूतल्या बनशंकरीत राहणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीची साहसमालिका लिहीत आहात. पहिल्या भागात ती बनशंकरी स्थानकावरून मेट्रो पकडून चोराचा पाठलाग करते. हे स्थानक जून २०१७ मध्ये सुरू झाले. दहाव्या भागात ती त्याच मार्गाने सिल्क इन्स्टिट्यूटपर्यंत जाते. हा पुढचा टप्पा जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाला. मुलगी अजून दहाचीच आहे. विसंगती आहे का?

घाईने ‘हो’ म्हणू नका. स्थानकाचा उल्लेख फक्त ‘याआधी नाही’ एवढेच सांगतो. दोन्ही भाग २०२१ मध्ये घडले असे मानता येते. पण पहिल्या भागात ‘मेट्रो आजच सुरू झाली’ असे वाक्य असेल, तर तो भाग जून २०१७ ला बांधला गेला. मग दहाव्या भागात मुलगी किमान तेरा वर्षांची हवी.

म्हणजे ‘याआधी नाही’ अशा कितीही खुणा एकत्र नांदू शकतात, कारण सगळी कथा पुढे सरकवता येते. त्यांच्याशेजारी ‘यानंतर नाही’ अशी खूण आली की पेच पडू शकतो. मालिका वाचताना ही दुसऱ्या प्रकारची खूण शोधा.

३. लेखकांचे तीन मार्ग

(अ) तरंगता काळ: वय गोठवायचे आणि वर्ष वाचकाबरोबर सरकवायचे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ मध्ये सुरू झाला आणि लहानच राहिला. रोजची गंमत त्या दिवशीच संपत असल्याने तिथे हे खपते. गोशो आओयामा यांच्या ‘डिटेक्टिव्ह कॉनन’मध्ये (१९९४ पासून) मात्र पात्रांना मागचे गुन्हे आठवतात. प्रकरणे हजाराहून अधिक आहेत. सरासरी तीन प्रकरणांत एक गुन्हा धरला तरी तीनशेहून अधिक गुन्हे होतात, आणि कॉनन अजून पहिलीतच! शिवाय सुरुवातीला सार्वजनिक फोन आणि नंतर स्मार्टफोन. इथे स्मरण हेच घड्याळ बनते.

(आ) वेगळे जग: एईचिरो ओदा यांच्या ‘वन पीस’मध्ये (१९९७ पासून) आपले सन नाहीतच, त्यामुळे बाहेरच्या खुणा लागू होत नाहीत. लुफी सुरुवातीला १७ वर्षांचा असतो. भावाच्या मृत्यूनंतर कथा दोन वर्षांची उडी घेते आणि तो १९ चा होतो.

(इ) वय वाढू देणे: अकिरा तोरियामा यांच्या ‘ड्रॅगन बॉल’मध्ये (१९८४–९५) लहानगा गोकू शेवटी आजोबा होतो. विसंगतीचा धोका इथे कमी, पण लेखकाला नव्या पिढीचे नायक उभे करावे लागतात.

४. आपला फास्टर फेणे

भा. रा. भागवतांचा (१९१०–२००१) बनेश फेणे फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवन शाळेतला. वीस पुस्तके झाली तरी वाचकांच्या मनात तो सायकलवरचा शाळकरी मुलगाच राहिला. पण ओदांची सोय भागवतांना नव्हती. बनेश खऱ्या पुण्यात आणि खऱ्या भारतात वावरतो, त्याच्या कथांत युद्धाची पार्श्वभूमीही येते. युद्धाला सुरुवात असते आणि शेवटही असतो, म्हणून ती दोन्ही बाजूंनी बांधणारी खूण आहे.

आदित्य सरपोतदार यांच्या २०१७ च्या चित्रपटाने हा हिशेब जुळवत बसण्याऐवजी नवे जन्मवर्ष घेतले. अमेय वाघने साकारलेला बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला आजचा तरुण आहे. नाव आणि चौकस, धाडसी स्वभाव मात्र जुनाच. वर्ष आणि वय दोन्ही बदलूनही आपण त्याला ओळखतो, कारण त्याची ओळख जन्मतारखेत नव्हती.

५. मग वय कशाला वाढवायचे?

परिणाम दाखवण्यासाठी. गोठलेल्या वयाचा नायक दर पुस्तकात जिवावरच्या संकटातून सुटतो, आणि पुढच्या पुस्तकात त्याचा मागमूसही नसतो. भाऊ गमावलेल्या लुफीला मात्र सावरायला आणि ताकद कमवायला वेळ लागतो, म्हणून तिथे काळ हलवावाच लागतो. मालिका तपासताना फक्त आकडे जुळतात का, एवढेच पाहू नका. पात्राला जे आठवते, ते आठवण्याइतका काळ लेखकाने त्याला दिला आहे का, हेही पाहा.

सराव

आवडत्या मालिकेतील पाच भाग घ्या. प्रत्येकातील ‘याआधी नाही’ आणि ‘यानंतर नाही’ अशा खुणांचा तक्ता करा. सर्व खुणा आणि पात्राचे वय एकाच वेळी पाळले जातील असे जन्मवर्ष निघते का? निघत नसेल, तर कोणते एकच वाक्य वगळल्यास ते निघेल?