एका माणसाचं एक कार्ड

१८८० साली अमेरिकेत जनगणना झाली. पाच कोटींहून थोडी जास्त माणसं मोजली गेली आणि त्यांचे सगळे तक्ते छापून व्हायला सात-आठ वर्षं लागली. कारकुनांनी कामात कुचराई केली नव्हती, खोट कामाच्या रीतीतच होती. प्रगणकांनी घरोघर फिरून भरलेले कागद वॉशिंग्टनला येत. कारकून ते समोर घेऊन मोठाल्या तक्त्यांवर रेघा ओढत: गोरा पुरुष, एक रेघ, परदेशात जन्मलेली बाई, एक रेघ. मग रेघा मोजायच्या, बेरीज मांडायची, पुढचा कागद घ्यायचा. वय आणि लिंग यांचा तक्ता झाला की वय आणि व्यवसाय यांच्या तक्त्यासाठी तेच कागद पुन्हा पहिल्या पानापासून चाळायचे. तिसरी एखादी बाब जोडून बघावी असं कुणाला वाटलं तर पुन्हा तेच. त्यामुळे बरेचसे प्रश्न विचारलेच जात नसत. माहिती कागदावर असायची, पण तिच्यापर्यंत पोचायला माणसं आणि वर्षं पुरायची नाहीत.

या कचेरीत हर्मन हॉलरिथ नावाचा विशीतला तरुण काम करत होता. जन्म १८६० चा, बफलो शहरातला. आईवडील जर्मनीहून आलेले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून खाणकामाचं अभियांत्रिकी शिक्षण घेऊन तो १८७९ साली बाहेर पडला आणि आपल्या प्राध्यापकांच्या मागोमाग जनगणनेच्या कामाला लागला. जन्ममृत्यूच्या आकडेवारीचा विभाग जॉन शॉ बिलिंग्ज या लष्करी डॉक्टरांकडे होता. एका रविवारी संध्याकाळी हॉलरिथ त्यांच्या घरी चहाला बसला असताना डॉक्टर बोलून गेले की, हे मोजदादीचं निव्वळ यांत्रिक काम करायला एखादं यंत्र असायला हवं. हॉलरिथने काही दिवस विचार केला, परत येऊन त्यांना सांगितलं की असं यंत्र होऊ शकेल, आणि भागीदारीही देऊ केली. बिलिंग्जना प्रश्न सुटलेला बघायचा होता, धंद्यात रस नव्हता. त्यांनी ती नाकारली. हे सगळं हॉलरिथने स्वतः म्हातारपणी एका पत्रात लिहून ठेवलं आहे. कल्पनेचं श्रेय त्याने बिलिंग्जना मोकळेपणाने दिलं. पुढे धंद्यात हेकट म्हणून नाव झालेल्या या माणसाचा हा प्रामाणिकपणा विसरू नये.

१८८२ साली तो बोस्टनच्या एमआयटीत शिकवायला गेला. तिथे त्याने पहिला प्रयोग केला तो कागदाच्या लांब पट्टीवर. पट्टीवर आडव्या ओळीत भोकं पाडायची, एका माणसाची एक ओळ. पट्टी धातूच्या पिंपावरून सरकली की भोकातून विजेचा संपर्क होई आणि मोजणीचा काटा पुढे जाई. यंत्र चाललं, पण हॉलरिथ त्यावर खूश नव्हता. पट्टीवरची माणसं एकमेकांना जखडलेली होती. फक्त चिनी माणसांची माहिती हवी असली, तरी मैलभर पट्टी पहिल्यापासून ओढावी लागणार, आणि पुढच्या प्रश्नाला पुन्हा तीच पट्टी. म्हणजे तक्त्यांवरच्या रेघांची जी अडचण होती तीच विजेवर चढवल्यासारखं झालं.

उत्तर त्याला पश्चिमेकडच्या एका रेल्वे प्रवासात मिळालं. तिथले तिकीट तपासनीस तिकिटाच्या कडेला चिमट्याने भोकं पाडून प्रवाशाचं वर्णनच टिपत: केस फिकट, डोळे काळे, नाक मोठं. एकाचं तिकीट दुसऱ्याने वापरू नये म्हणून ही युक्ती होती. हॉलरिथला त्यात वेगळंच दिसलं. प्रत्येक माणसाचं स्वतंत्र कार्ड करायचं आणि त्यावरच्या भोकांत तो माणूस उतरवायचा. कार्डं सुटी, म्हणून ती हवी तशी पिसता येतात, वेगळी काढता येतात, नवा प्रश्न सुचला की नव्याने लावता येतात.

मला या शोधाचा गाभा इथे वाटतो. भोकाच्या कार्डांचा इतिहास सांगताना सगळे फ्रान्सच्या जॅकार्डपासून सुरुवात करतात. १८०४ च्या सुमाराचा त्याचा माग कार्डाच्या माळेवरून रेशमी नक्षी विणत असे. येवल्याच्या मागांवरही जॅकार्ड पोचला आहे, त्यामुळे आपल्याला ते यंत्र परकं नाही. पण मागावरची कार्डं एकमेकांना शिवलेली असतात आणि त्यांचा क्रम बदलला तर नक्षी मोडते. ती मागाला हुकूम देतात. हॉलरिथच्या कार्डावर हुकूम नव्हता, नोंद होती, आणि तिचा क्रम कधीही मोडता येत होता. भोक दोन्हीकडे आहे एवढ्यावरून दोन्ही कल्पना एक ठरत नाहीत.

पहिली खरी परीक्षा बाल्टिमोर शहराच्या मृत्यूनोंदींवर झाली. त्या वेळी हॉलरिथकडे भोकं पाडायला तपासनिसाचाच चिमटा होता. चिमट्याचा जबडा आखूड, त्यामुळे भोकं फक्त कार्डाच्या कडेला पडत, मधली जागा वाया जाई. कार्डं तो स्वतः टोचत बसे आणि संध्याकाळी दंड भरून येई. त्या दुखण्यातून पंचिंगचं नवं यंत्र आलं: समोर छिद्रांची पाटी, तिच्यावर कारकुनाने दांडा हव्या त्या छिद्रात दाबायचा, की दांड्याच्या दुसऱ्या टोकाला कार्डावर त्याच जागी भोक पडायचं. आता कार्डाचा सगळा पृष्ठभाग कामाला आला. बारा ओळी, चोवीस स्तंभ, २८८ जागा.

१८९० च्या जनगणनेसाठी कोणती पद्धत घ्यायची हे ठरवायला १८८९ मध्ये स्पर्धा घेतली गेली. सेंट लुइस शहरातल्या चार भागांतल्या १०,४९१ माणसांची जुनी माहिती तिघांना दिली. विल्यम हंट यांची पद्धत रंगीत शाईने लिहिलेल्या चिठ्ठ्यांची होती, चार्ल्स पिजिन यांची रंगीत पत्त्यांची. माहिती उतरवून घ्यायला हंट यांना १४४ तास २५ मिनिटं लागली, पिजिन यांना ११० तास ५६ मिनिटं, हॉलरिथला ७२ तास २७ मिनिटं. खरा फरक पुढे दिसला. तक्ते करायला हंट यांना ५५ तास २२ मिनिटं, पिजिन यांना ४४ तास ४१ मिनिटं आणि हॉलरिथच्या यंत्राला ५ तास २८ मिनिटं.

हे यंत्र दिसायला उभ्या पियानोएवढं, लाकडी चौकटीचं. समोरच्या पाटीवर घड्याळासारख्या चाळीस तबकड्या, प्रत्येक ९,९९९ पर्यंत मोजणारी. उजव्या हाताला दाबणी. कारकुनाने कार्ड दाबणीत ठेवून दांडा खाली ओढायचा. वरून स्प्रिंगवर टांगलेल्या बारीक सळ्या उतरत. जिथे कागद असे तिथे सळी अडे. जिथे भोक असे तिथे ती आरपार जाऊन खालच्या वाटीतल्या पाऱ्यात बुडे. त्याबरोबर विजेचं मंडल पुरं होई, त्या जोडणीच्या तबकडीचा काटा एक घर सरके आणि शेजारच्या पेटीतल्या एका कप्प्याचं झाकण आपोआप उघडे. कारकुनाने कार्ड त्या कप्प्यात टाकायचं, झाकण लावायचं, पुढचं कार्ड घ्यायचं. कार्ड नीट वाचलं गेलं की घंटी वाजे. लिंगाचं भोकच पाडायचं राहिलं असेल तर घंटी गप्प राही, आणि ते कार्ड बाजूला काढलं जाई. म्हणजे मोजता मोजता तपासणीही होत होती.

यातली सर्वात देखणी गोष्ट तबकड्यांच्या मागे होती आणि ती बघणाऱ्याला दिसत नसे. तारा आणि रिले (विजेनेच उघडझाप होणारे खटके) असे जोडता येत की एक काटा तीन-चार भोकं एकत्र जुळली तरच हलेल. गोरा, अमेरिकेत जन्मलेला, पुरुष, शेतकरी: चारही गोष्टी एकाच कार्डावर असतील तेव्हाच त्या तबकडीत एकाची भर पडे. जोडणी बदलली की यंत्राचा प्रश्न बदलला. कार्डं तीच.

१८९० ची पहिली, निव्वळ डोकी मोजण्याची फेरी कार्डांशिवायच झाली. प्रत्येक कुटुंबात किती माणसं, त्या आकड्याची कळ दाबायची आणि तबकड्या पुढे ढकलायच्या. काही आठवड्यांत आकडा हातात आला: ६ कोटी २६ लाख २२ हजार २५०. देश याहून मोठा निघेल अशी अनेकांची अपेक्षा होती. वर्तमानपत्रांनी यंत्रावरच शंका घेतली. मग कार्डांचं काम सुरू झालं. पंचिंगला मोठ्या संख्येने स्त्रिया होत्या. एका दिवसात सरासरी सातशे कार्डं एका हातातून जात. काम थांबवून जरा विसावा मिळावा म्हणून कुणी कुणी वाटीतला पारा हळूच काढून टाकत, असाही किस्सा त्या कचेरीबद्दल सांगितला जातो.

हॉलरिथच्या यंत्राने जनगणना वर्षभरात आटोपली आणि सरकारचे पैसे वाचले, असं सर्रास लिहिलं जातं. ते पुरतं खरं नाही. शेवटचे खंड छापून यायला पुढची काही वर्षं गेलीच, आणि एकूण खर्च १८८० च्या जवळजवळ दुप्पट झाला. लोकसंख्या वाढली होती हे एक कारण. पण त्याहून मोठं कारण म्हणजे आता प्रश्न विचारणं स्वस्त झालं होतं, म्हणून ते कितीतरी जास्त विचारले गेले. पूर्वी कुणी मागण्याचं धाडसही केलं नसतं असे तक्ते मागितले जाऊ लागले. यंत्राचं यश काटकसरीत मोजणाऱ्यांना हे उमगत नाही.

हॉलरिथ यंत्र विकत नसे, भाड्याने देई; एका यंत्राचं वर्षाचं भाडं एक हजार डॉलर. ऑस्ट्रिया, कॅनडा, नॉर्वे आणि पुढे १८९७ च्या जनगणनेसाठी रशिया हे त्याचे गिऱ्हाईक झाले. पण जनगणना दहा वर्षांतून एकदा येते. मधल्या काळात यंत्रं पडून राहत आणि हॉलरिथ कर्जात बुडे. त्याला वाचवलं रेल्वेने. न्यूयॉर्क सेंट्रल या कंपनीकडे वर्षाला चाळीस लाखांच्या आसपास मालाच्या बिलट्या जमत. तिथे डोकी मोजून भागणार नव्हतं. वजनाची आणि रकमेची बेरीज हवी होती. हॉलरिथने बेरीज करणारं यंत्र बनवलं आणि इथून पंच कार्ड सरकारी दप्तरातून व्यापाऱ्याच्या खतावणीत गेलं. १८९६ मध्ये त्याने टॅब्युलेटिंग मशीन कंपनी काढली.

सरकारशी मात्र त्याचं बिनसलं. जनगणना खात्याला भाडं अवाच्या सवा वाटू लागलं, हॉलरिथ एक पाऊल मागे यायला तयार नव्हता. खात्याने स्वतःची कार्यशाळा काढली, जेम्स पॉवर्स या कारागिराला कामावर घेतलं, आणि १९१० ची जनगणना हॉलरिथशिवाय पार पडली. तो कोर्टात गेला आणि हरला. यात माझी सहानुभूती खात्याकडे आहे. लोकांच्या पैशातून होणारं, घटनेने बंधनकारक केलेलं काम एका माणसाच्या भाडेपट्टीवर टांगून ठेवणं योग्य नव्हतं. १९११ मध्ये हॉलरिथची कंपनी इतर दोन-तीन कंपन्यांत विलीन झाली. १९१४ मध्ये तिथे थॉमस वॉटसन आले आणि १९२४ मध्ये तिचं नाव आयबीएम झालं. हॉलरिथ १९२९ च्या नोव्हेंबरात वॉशिंग्टनमध्ये वारला. आदल्याच वर्षी आयबीएमने ऐंशी स्तंभांचं, चौकोनी भोकांचं कार्ड काढलं होतं. तेच पुढे अर्धशतकभर जगभरच्या कचेऱ्यांत राहिलं.

भारताने १९०१ च्या जनगणनेत प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी ही रीत घेतली. चिठ्ठीचा रंग धर्मावरून ठरे, आणि कारकून त्या कप्प्यांत हाताने लावत. २९ कोटींहून जास्त माणसं अशी हातांनी वर्गवार झाली. म्हणजे हॉलरिथची अर्धी कल्पना इथेही होती, सुट्या नोंदीची. मोजणारे मात्र माणसांचे हात होते. यंत्रं आली ती नंतर, मोठ्या कचेऱ्यांत आणि संस्थांत. मुंबईत १९६८ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली, तेव्हा तिच्या पहिल्यावहिल्या कामांत टिस्को या टाटांच्या पोलाद कंपनीसाठी पंच कार्डाची सेवा होती. आज लाखो भारतीय अभियंत्यांना काम देणाऱ्या व्यवसायाचा एक धागा असा थेट या भोकांशी जाऊन पोचतो.

सुट्या नोंदीचं हे बळ कुणाच्या हातात आहे याला फार महत्त्व आहे. १८९० च्या कार्डावर वंशाच्या जागा होत्या: गोरा, काळा, अर्धा काळा, पाव काळा, अष्टमांश काळा, चिनी, जपानी, इंडियन (म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी). माणसाचं रक्त किती अंश कुठलं, हे प्रगणकाने दारात उभं राहून ठरवायचं आणि भोक ते कायम करणार. आयबीएमच्या जर्मन शाखेच्या, डेहोमागच्या यंत्रांवर १९३३ आणि १९३९ च्या नाझी राजवटीतल्या जनगणना झाल्या. १९३९ मध्ये आजीआजोबांपैकी कोण ज्यू होतं हे वेगळ्या पुरवणी कार्डावर भरून घेतलं गेलं. खुद्द अमेरिकेत १९४२ साली जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरांतून उचलून छावण्यांत ठेवलं, तेव्हा ते कुठल्या वस्तीत किती आहेत याचे तक्ते जनगणना खात्याने १९४० च्या माहितीवरून झटपट पुरवले. हॉलरिथने हे योजलं नव्हतं, तो तोवर हयातही नव्हता. पण ज्या गुणामुळे कार्ड शेतकरी वेगळे काढू शकत होतं, त्याच गुणामुळे ते शेजारी वेगळे काढू शकलं. या यंत्राचं कौतुक करताना हा भाग गाळणारा परिचय मला अपुरा वाटतो.

हॉलरिथच्या यंत्राने मोजलेल्या त्या पहिल्या जनगणनेचे मूळ कागद आज नाहीत. वॉशिंग्टनमधल्या वाणिज्य खात्याच्या इमारतीत ते ठेवले होते. जानेवारी १९२१ मध्ये तिथे आग लागली. काही जळले, बरेचसे आग विझवण्याच्या पाण्याने भिजून खराब झाले, आणि जे उरले होते ते १९३० च्या दशकात संसदेच्या मंजुरीने नष्ट करण्यात आले. तक्ते छापील खंडांत जसेच्या तसे आहेत. माणसांपैकी, ६ कोटी २६ लाखांतून, नावानिशी नोंद शिल्लक आहे ती सहा हजारांहून थोड्या जास्त जणांची.