पांढरी चारपासून काळी एकपर्यंत

आमच्या शाळेच्या गीतमंचाचा सराव एसटीच्या वेळापत्रकावर चालतो. चिपळूणच्या आसपासच्या वाड्यांतून येणारी पोरं संध्याकाळची गाडी चुकवू शकत नाहीत. पुढची गाडी अंधार पडल्यावर, आणि तीही आली तर. त्यामुळे सराव होतो मधल्या सुट्टीत, नाहीतर ऑफ तासाला. बाई संगीताच्या नाहीतच मुळी, त्या भूगोल शिकवतात. शिक्षणहक्क कायद्याने शंभरावर पट असलेल्या उच्च प्राथमिक वर्गांना कला शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक देऊ केला, पण कला म्हटली की बहुतेक ठिकाणी चित्रकला आधी पुढे येते. गाण्याचं घोडं कुणातरी हौशी माणसाच्या दारात बांधलेलं असतं. आमच्याकडे ते बाईंच्या दारात आहे, आणि मी तबल्याला बसतो म्हणून थोडं माझ्याही.

जूनच्या मध्याला शाळा उघडते आणि पहिल्याच आठवड्यात निवड होते. बाई कुणाला गाणं म्हणायला सांगत नाहीत. पेटीवर एक पट्टी दाबून धरतात आणि म्हणतात, "याला मिळव." पोरगं तोंड उघडतं. कोकणातल्या पोरांचे गळे तयारच असतात, पण ते आरतीला तयार असतात. गणपतीत घरोघर फिरून टाळ कुटत आरत्या म्हटलेल्या, वाडीतल्या भजनात मागे उभं राहून टीप धरलेली, एखाद्याने जाखडीत बुवांच्या मागे झील ओढलेली. या आवाजांना जोर असतो, न लाजण्याची सवय असते. नसतं ते शेजारच्याचं ऐकणं. पहिले काही आठवडे बाई एवढंच शिकवतात: शेजारच्याचा आवाज ऐकू येत नसेल तर तू मोठ्याने गातोयस.

त्यातही पाऊस. संगीताची म्हणून जी खोली आहे तिच्यावर पत्रा आहे. सर आली की मोबाइलवरचा तानपुरा बंदच पडल्यासारखा वाटतो. तबल्याची तर दैना. पुडी चामड्याची, हवेतला ओलावा ओढून घेते, सैल पडते. मी गट्टे ठोकून सूर चढवतो, गजऱ्यावर हातोडीने घरं सारखी करतो, दोन गाणी होईतो तो पुन्हा उतरतो. डग्ग्याचा तर आवाज भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. वाद्यांच्या कपाटात आम्ही जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावून ठेवतो, तो दिवसभर जळत असतो. मुख्याध्यापक वीजबिलावर बोलतात, बाई ऐकून घेतात, बल्ब चालू राहतो. पेटी तेवढी जागची हलत नाही, कारण तिचे स्वर पितळेचे. तिचं दुखणं वेगळं. एखादा सूर दमट हवेने गंजतो, मग पट्टी दाबली की आधी नुसती फुस्स हवा येते आणि स्वर मागून उगवतो.

आता पट्टीबद्दल. गीतमंचाचं वर्ष बघायचं तर पेटीवर बाईंचं बोट कुठे पडतं ते बघावं. जूनमध्ये षड्ज असतो पांढरी चार. सहावी-सातवीचे मुलगे आणि सगळ्या मुली त्या पट्टीत लख्ख वाजतात. माझा तबला काळी एकचा, तो मी तेव्हा पंचमात लावतो, म्हणजे थोडा उतरवून पांढरी एकला. पंधरा ऑगस्टपर्यंत हे ठीक चालतं. मग एक दिवस आठवीतला एखादा मुलगा अंतऱ्याला गप्प होतो.

दरवर्षी कुणीतरी होतोच. आवाज फुटायला लागलेला असतो. बारा ते पंधराच्या दरम्यान कधीतरी मुलांचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि बोलण्याचा आवाज जवळजवळ एका सप्तकाने खाली येतो. पण हे एका रात्रीत होत नाही. मधले काही महिने त्या पोराला वरचा षड्ज पोचत नाही आणि खालचा अजून आलेला नसतो. त्याच्याकडे मोजून पाच-सहा स्वर उरतात, तेही सकाळी एक आणि दुपारी दुसरे. कालपर्यंत एकट्याने गाणारा मुलगा आज घोगरतो, मुली हसतात, तो दुसऱ्या दिवशी घसा बसलाय म्हणून येत नाही. पुष्कळ शाळांत अशा मुलाला झांज देतात किंवा कबड्डीकडे पाठवतात. मला हा आळस वाटतो. पुरुषांना समूहात गाता येत नाही अशी जी आपल्याकडे समजूत आहे, तिचं मूळ आठवी-नववीत अशा हाती दिलेल्या झांजेत असावं.

बाई दोन गोष्टी करतात. एक म्हणजे पट्टी उतरवतात. गणपतीच्या सुट्टीनंतर पांढरी तीन, दिवाळीनंतर काळी दोन, जानेवारीत काळी एक. दुसरी गोष्ट अवघड. फुटलेल्या आवाजांना त्या वेगळी ओळ बांधून देतात. ध्रुवपद सगळ्यांनी म्हणायचं, अंतऱ्यात मुली वर जातात तेव्हा या मुलांनी खाली एकच स्वर धरून ठेवायचा, किंवा ओळीचा शेवटचा शब्द तेवढा उचलायचा. पेटीवर बसून त्या एकेका मुलाचे त्या आठवड्याचे स्वर तपासतात आणि वहीत लिहून ठेवतात. मी ती वही पाहिली आहे. नावापुढे "ग ते नि़, पंचम नाही" असं काहीतरी, पुढच्या पानावर ते खोडून दुसरं. अर्थात पट्टी उतरली की मुलींची चमक जाते. मंद्र निषाद त्यांचा हवेत विरतो. सातवीतली एक मुलगी चिडून म्हणाली, "बाई, मुलांसाठी आम्ही का खाली यायचं?" बाईंकडे उत्तर नव्हतं. त्यांनी दोन गाणी मुलींच्या पट्टीत ठेवली, त्यात मुलगे गप्प.

या सगळ्याची कसोटी स्पर्धेत नाही, राष्ट्रगीतात लागते. स्पर्धेला भारत विकास परिषदेच्या समूहगानाला आम्ही जातो. तिथे हिंदी असतं, संस्कृत असतं, लोकगीत असतं आणि मंचावर गाणारे सहा ते आठच. निवडक आठ जण कुणीही मिळवून दाखवेल. राष्ट्रगीत मात्र पटांगणावर अख्खी शाळा म्हणते. त्याची चाल मंद्र निषादापासून तार षड्जापर्यंत, म्हणजे सप्तकाच्या थोडी बाहेर जाते, आणि वरचा षड्ज येतो अगदी शेवटच्या जयघोषात. सुरुवात करणाऱ्याने उत्साहात पट्टी दोन घरं वर धरली, तरी चाळीस सेकंद काही कळत नाही. मग शेवट येतो आणि अर्धं पटांगण किंचाळतं, अर्धं गप्प होतं. 52 सेकंदांचं गीत, पण सगळी गडबड शेवटी. म्हणून बाई परिपाठाला स्वतः माइकजवळ उभ्या राहतात, पेटीवर षड्ज देतात आणि गीतमंचाच्या पोरांना वर्गावर्गाच्या रांगांत विखरून उभं करतात. राष्ट्रगीतानंतर आता राज्यगीतही असतं. 2023 सालच्या शिवजयंतीपासून राजा बढे यांचं 'जय जय महाराष्ट्र माझा' राज्यगीत झालं. श्रीनिवास खळ्यांची चाल आणि शाहीर साबळ्यांचा गळा सगळ्यांच्या कानात इतका बसलाय की प्रत्येक पोरगा शाहिरांच्याच पट्टीत जायला बघतो. तिथे थांबवणं फार कठीण.

शाळेत दुसरंही एक संगीत आहे, ते पी.टी.च्या सरांचं बँड पथक. साइड ड्रम, बास ड्रम, झांजा, दोन बिगुल. गीतमंच आणि बँड यांचं फारसं पटत नाही, कारण जागा एकच. बिगुलाला पट्ट्या नाहीत, भोकं नाहीत, सगळे स्वर ओठांच्या ताणातून आणि फुंकेतून काढायचे. नवशिक्याचा बिगुल दोन खोल्या पलीकडूनही सराव बंद पाडतो. पण एक कबूल करायला हवं, लय बँडवाल्यांचीच पक्की. बास ड्रमचा ठोका डाव्या पायावर पडतो हे अंगात इतकं मुरलेलं असतं की ती पोरं गीतमंचात आली तर कधी पळत नाहीत. पी.टी.च्या सरांना हे सांगितलं तर ते गीतमंचाला पोरं देणार नाहीत, म्हणून बाई सांगत नाहीत.

नोव्हेंबर-डिसेंबरात गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा असतात. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून अलीकडे पालक चौकशी करतात, आणि प्रवेशिका देणारी मुलं गीतमंचात थोडी ताठ मानेनं वावरतात. मला विचाराल तर एकट्याने यमन गाणाऱ्याला समूहात बसवणं आरतीच्या गळ्याला बसवण्याहून कठीण. तो प्रत्येक ओळीला हरकत घेतो.

स्नेहसंमेलन, सव्वीस जानेवारी, शिवजयंतीचा पोवाडा. या काळात गीतमंच सर्वात चांगला वाजतो. हवा कोरडी, तबला एकदा लावला की तास टिकतो, नववी-दहावीच्या मुलांचे आवाज खाली बसलेले, मुलींना काळी एकची सवय झालेली. मला तबल्यावरून ऐकू येतं की खाली एक जाड थर आलाय आणि वरचे आवाज त्यावर टेकलेत. जूनपासून ज्याच्यासाठी धडपड केली ते हे. आणि फेब्रुवारीत निरोप समारंभ होतो, दहावी जाते. जो थर वर्षभर जमवला तोच निघून जातो. शिमगा येतो, परीक्षा येतात, पेटी दुरुस्तीला जाते आणि तिचं बिल संस्थेकडे अडकतं.

एक मे रोजी ध्वजवंदनाला सरावाशिवाय गावं लागतं. निम्मी पोरं मामाकडे गेलेली. यंदा दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला एक मुलगा साध्या कपड्यात येऊन रांगेत उभा राहिला. आठवीत ज्याच्या नावापुढे "पंचम नाही" लिहिलं होतं, तोच. राज्यगीत त्याने खालच्या सप्तकात असं धरलं की पुढच्या रांगेतले पालक वळून बघायला लागले. नंतर तो बाईंना म्हणाला, जूनमध्ये नव्या मुलांचे स्वर मीच बघून देतो, आणि या वर्षी सुरुवातच काळी एकपासून करू या.

"ये की," बाई म्हणाल्या. "पण पट्टी मी ठरवणार."